लस, कोंडा आणि जस्त

रायपूर शहराच्या मध्यभागी असलेला गोल बाजार हा छत्तीसगडातील जुन्या बाजारांपैकी एक. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत रायपूरचा कारभार नागपुराहून चाले. त्यामुळे या बाजारात हिंदी आणि छत्तीसगडीच्या गलबल्यात मधूनच मराठी कानी पडावी यात नवल नाही. किराणा, मसाले, पूजेचे साहित्य, भांडी आणि काष्ठौषधी यांची दुकाने येथे एकमेकांना लागून आहेत. काष्ठौषधीचा व्यापारी केवळ मुळ्या आणि साली विकतो असे नव्हे. हिराकस, मोरचूद, तुरटी, सैंधव अशी खनिजेही तो पिढ्यान्‌पिढ्या विकत आला आहे. हिराकस हा लोहाचा क्षार, मोरचूद तांब्याचा. रसायनशास्त्राचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच आपल्या लोकांनी या द्रव्यांना नावे दिली, त्यांचे गुणदोष पारखले आणि कित्येकदा त्यांच्याविषयी भलत्या समजुतीही करून घेतल्या.

अशाच एका दुकानाशी उभा असताना एक प्रश्न ऐकावयास मिळाला, आणि प्रस्तुत लेखाचे कारण तोच प्रश्न आहे. शहराबाहेरच्या वस्तीत चार-पाच डुकरे पाळणारा एक गृहस्थ जनावरांच्या 'खनिज मिश्रणा'ची पिशवी हातात घेऊन विचारीत होता की, लस टोचण्यापूर्वी ही पूड चारली तर लस अधिक लागू पडेल काय? दुकानदाराने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "दुप्पट लागू पडेल." पिशवी विकली गेली. मागे राहिलेला प्रश्न मात्र फार चांगला होता. त्याला मिळाले त्याहून बरे उत्तर मिळावयास हवे होते.

या प्रश्नात त्या गृहस्थाचे काय पणाला लागले आहे, ते आधी समजून घेतले पाहिजे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतातील डुकरांची संख्या सुमारे ९०.६ लक्ष भरली. २०१२ च्या मानाने ती शेकडा १२ ने घटली होती. यांपैकी पुष्कळशी डुकरे मोठ्या गोठ्यांत नव्हे, तर गरीब कुटुंबांच्या परसात वाढतात. लग्न, आजारपण किंवा शाळेची फी यांपैकी काही दाराशी आले की एक जनावर विकावयाचे, अशी ती चालती-बोलती शिल्लक असते. डुकरांचा सांसर्गिक ज्वर, ज्याला पशुवैद्य 'स्वाइन फीव्हर' म्हणतात, वस्तीत शिरला तर ही शिल्लक आठ-पंधरा दिवसांत नाहीशी होते. या विषाणुजन्य रोगावर औषध नाही. आहे ती लसच.

आणि लस तरी मुबलक कोठे आहे? १९६४ पासून आपल्या देशात या रोगासाठी सशांच्या शरीरात वाढविलेल्या विषाणूची लस वापरली जात आली. एका सशाच्या प्लीहेपासून जेमतेम ५० मात्रा मिळत. देशाची गरज वर्षाकाठी सुमारे २ कोटी २० लक्ष मात्रांची, आणि तयार होत सुमारे १२ लक्ष. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने (हिचा जन्म १८८९ साली पुण्यात झाला, हे मराठी वाचकास सांगण्याचा मोह आवरत नाही) देशी विषाणूपासून, पेशी-संवर्धनाच्या पद्धतीने नवी लस सिद्ध केली आणि ती २०२० साली जाहीर झाली. तीत सशांचा बळी नाही, तिचा खर्च मात्रेमागे दोन रुपयांच्या आत येतो आणि एका टोचणीचे संरक्षण दोन वर्षे टिकते, असे त्या वेळी सांगण्यात आले. ही प्रगती मोठी आहे. तथापि प्रयोगशाळेत सिद्ध झालेली लस आणि परसातल्या डुकराच्या मानेत टोचलेली लस यांच्यामध्ये बर्फाची पेटी, रस्ता, पशुवैद्य आणि वेळ या चार गोष्टी उभ्या असतात. इतक्या खटपटीने येथवर पोहोचलेली मात्रा वाया जाणे आपणांस परवडणारे नाही. खनिजांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो या ठिकाणी.

लस म्हणजे तयार संरक्षण नव्हे. ती शरीराला दिलेली सूचना आहे. काम शरीरालाच करावे लागते. लसीतील निर्बल विषाणू रक्तात आला म्हणजे त्याला ओळखणाऱ्या मोजक्या पांढऱ्या पेशी जाग्या होतात, त्या दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा वेगाने वाढतात, आणि एक-दोन आठवड्यांत त्यांच्यापासून प्रतिपिंडे निर्माण होऊ लागतात. पेशी दुभंगावयाची तर तिच्या केंद्रातील द्रव्याची नक्कल व्हावी लागते, आणि ती नक्कल करणाऱ्या एन्झाइमांना जस्त लागते. छातीत हृदयाजवळ असलेली यौवनलोपी ग्रंथी ही या पेशींची पाठशाळा. तिच्या एका अंतःस्रावाचे कार्य जस्तावाचून चालत नाही, आणि जस्ताची उणीव पडली म्हणजे ही ग्रंथी आक्रसते, हे अनेक प्राण्यांत दिसून आले आहे. लोहाची कथा निराळी नाही: झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला श्वसनासाठी लोह हवेच. सेलेनियमचे काम संरक्षणाचे आहे. जंतूंशी झुंजताना पांढऱ्या पेशी जी दाहक द्रव्ये सोडतात त्यांनी त्या स्वतःच भाजून निघू नयेत म्हणून 'ई' जीवनसत्त्वाच्या जोडीने ते पहारा करते.

यावरून जस्त, लोह आणि सेलेनियम चारले की लस अधिक लागू पडेल, असे अनुमान कोणीही काढील. अनुमानाचा पहिला अर्धा भाग खरा आहे.

१९५५ साली टकर आणि सॅमन या दोन अमेरिकी संशोधकांनी डुकरांच्या एका जुन्या त्वचारोगाचे मूळ शोधून काढले. पिलांच्या कातडीवर खवले धरत, ती खरखरीत होऊन भेगाळे, वाढ खुंटे. लोक याला खरूज समजत. खाद्यात थोडे जस्त मिसळताच हा विकार नाहीसा झाला. आश्चर्य असे की, त्या खाद्यात जस्त मुळीच नव्हते असे नाही. ते होते, पण डुकराच्या उपयोगी पडत नव्हते. धान्याच्या टरफलात फायटिक अम्ल नावाचे द्रव्य असते. ते जस्ताला घट्ट धरून ठेवते. गाय-म्हशींच्या पोटातील सूक्ष्मजंतू ही मिठी सोडवू शकतात. डुकराचे पोट आपल्या पोटासारखे एकच कोठ्याचे, त्याला ते साधत नाही. आणि खाद्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त असेल तर ही मिठी अधिकच घट्ट होते.

आता छत्तीसगडच्या डुकराचे ताट पाहा. हा भाताचा देश. भातगिरणीतला कोंडा, तांदळाची कणी, घरचे आणि खाणावळीचे खरकटे, एवढ्यावर त्याचे पोट चालते. तांदळाच्या कोंड्यात फायटिक अम्ल विपुल असते. शिवाय भातशेतीच्या जमिनीतच जस्ताची उणीव असण्याचा संभव मोठा. १९६६ च्या सुमारास पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी तराईतील भातपिकाच्या 'खैरा' रोगाचे कारण जस्ताची न्यूनता हे दाखवून दिले, आणि पुढील पाहण्यांत देशातील एक-तृतीयांशाहून अधिक मृदा-नमुने जस्तहीन आढळले. जमिनीत नाही ते रोपात येत नाही, आणि रोपात आले तेही कोंड्यात अडकून पडते. अशा जनावराला लस टोचणे म्हणजे शिधा न देता स्वयंपाक्याला पंगत मांडावयास सांगण्यासारखे आहे.

लोहाचा प्रकार तर याहून विलक्षण आहे. डुकराचे पिलू जन्मतः अंगात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह घेऊन येते. वाढीसाठी त्याला रोज निदान ७ मिलिग्रॅम लोह हवे आणि आईच्या दुधातून मिळते सुमारे १ मिलिग्रॅम. हिशेब कोणत्याही शाळकरी मुलाला करता येईल: आठ-दहा दिवसांत पुंजी संपते. मोकळ्या जमिनीवर वाढणारे पिलू नाकाने माती उकरते आणि मातीबरोबर काही लोह त्याच्या पोटात जाते. सुधारणेच्या नावाखाली त्याला सिमेंटच्या फरशीवर आणले की हा मार्ग बंद होतो. दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर १९५९ पासून भिलाईचा पोलाद कारखाना धडधडतो आहे, आणि त्याच मुलखात फरशीवरचे पिलू लोहावाचून पांढरेफटक पडू शकते, हा विरोध मला नेहमीच विचारात पाडतो. उपाय साधा आहे: जन्मल्यापासून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचे एक इंजेक्शन. मातीत कृमींची अंडीही असतात, म्हणून केवळ माती चाटविण्यावर विसंबू नये.

लोहाचा आणि लसीचा संबंध माणसांतही दिसला आहे. केनियातील तान्ह्या मुलांच्या अभ्यासात, टोचणीच्या वेळी ज्यांना लोहाच्या न्यूनतेने पांडुरोग होता त्यांच्या रक्तात घटसर्पासारख्या रोगांविरुद्धची प्रतिपिंडे कमी आढळली. आणि गोवराच्या लसीच्या काळात ज्यांना लोह दिले गेले होते त्यांच्यात ती अधिक. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. डुकरांच्या बाबतीत याहून जुना दाखला आहे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दूध तोडलेल्या पिलांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचण्यात आल्या, म्हणजे शरीराला एक निरुपद्रवी परकी वस्तू दाखविण्यात आली. ज्यांना सेलेनियम आणि 'ई' जीवनसत्त्व दोन्ही मिळाले होते त्यांनी तिच्याविरुद्ध अधिक प्रतिपिंडे तयार केली.

मग दुकानदाराचे 'दुप्पट' खरे की काय? नव्हे. अनुमानाचा दुसरा अर्धा भाग येथे लंगडा पडतो. उणीव असलेल्या जनावराची उणीव भरून काढली की त्याची प्रतिकारशक्ती नेहमीच्या पातळीवर येते. उणीव नसलेल्या जनावराला आणखी खनिज चारले म्हणून ती त्या पातळीच्या वर चढतेच असे नाही. पुरेशा खाद्यावर असलेल्या डुकरांना जादा जस्त, तांबे किंवा मँगनीज, मग ते साध्या क्षाराच्या रूपात असो वा 'सेंद्रिय' म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या रूपात, देऊन लसीचा परिणाम पाहिलेले प्रयोग परस्परांशी जुळत नाहीत. कोठे थोडा लाभ दिसतो, कोठे काहीच नाही. दिव्यात तेल नसेल तर तेल घातल्याने तो पेटतो. काठोकाठ भरलेल्या दिव्यात आणखी ओतले तर ज्योत मोठी होत नाही, तेल तेवढे सांडते. म्हणून कोणी 'लसीचा गुण वाढविणारे' चूर्ण पुढे केले तर विचारावयाचा पहिला प्रश्न हा की, कोणाच्या तुलनेत वाढविणारे? उपाशी जनावराच्या, की पोटभर खाल्लेल्या? जाहिरातीत पहिल्याची आकडेवारी असते आणि माल दुसऱ्यालाही विकला जातो.

सांडलेले तेल निरुपद्रवीही नसते. युरोपात दूध तोडलेल्या पिलांची हगवण थांबविण्यासाठी खाद्यात किलोमागे २,५०० मिलिग्रॅमपर्यंत जस्त घालण्याची रीत पडली होती. लहान पिलाची गरज किलोमागे सुमारे १०० मिलिग्रॅमची. उरलेले जस्त शेणखतातून जमिनीत उतरू लागले आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंना त्याने हातभार लावला, म्हणून जून २०२२ पासून तेथे ही रीत बंद करण्यात आली. सेलेनियम तर दुधारी शस्त्रच. लहान पिलाच्या खाद्यात ते किलोमागे ०.३ मिलिग्रॅम हवे. एका क्विंटल खाद्यात ३० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने जवळपास तांदळाचा एक दाणा. किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या पुढे मजल गेली की केस गळू लागतात आणि खूर मुळाशी सुटतात. तांदळाच्या एका दाण्याएवढे द्रव्य क्विंटलभर कोंड्यात घमेल्याने आणि फावड्याने सारखे मिसळता येत नाही. मिश्रणाच्या धंद्यात ते आधी शेरभर भुशात, मग पायली-दोन पायलीत, मग अधिकात असे पायरीपायरीने मिसळतात, ते उगीच नव्हे. घरी कोणी सेलेनियमचा क्षार सुटा विकत घेऊन हा उद्योग करू नये.

त्या गृहस्थाच्या हातातील पिशवीवर गाईचे चित्र होते. भारतीय मानक संस्थेचे आयएस १६६४ हे मानकही मूलतः गुरांच्या खनिज मिश्रणासाठीच आहे. गुरांचे चांगले मिश्रण डुकराला विष नव्हे. त्यात जस्त शेकडा ०.८ असेल आणि ते खाद्यात शेकडा १ या मानाने घातले तर खाद्याच्या प्रत्येक किलोत ८० मिलिग्रॅम जस्त जाते. मध्यम वयाच्या डुकराला तेवढे पुरेसे आहे. परंतु स्वस्त पिशव्यांत कित्येकदा बहुतेक भाग चुनखडीचाच असतो. कोंड्यावर वाढणाऱ्या डुकराला अशी पांढरी भुकटी चारली तर १९५५ च्या त्या शोधानुसार जस्ताची मिठी आणखी आवळते. पैसे देऊन आपण लसीच्या वाटेत धोंडा ठेवतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, डुकरांसाठी विकल्या जाणाऱ्या मिश्रणाचे निराळे मानक हवे, आणि तोवर कोणत्याही पिशवीवर जस्त, लोह, तांबे आणि सेलेनियम यांचे प्रमाण ठळक देवनागरीत छापलेले असावे. आज ते असलेच तर भिंगाने वाचावे लागते, आणि तेही परक्या लिपीत.

येथे काही पशुवैद्य आक्षेप घेतील, आणि तो मी हलका मानीत नाही. ते म्हणतील, लस वेळेवर मिळत नाही, मिळाली तर थंड राहत नाही, अशा स्थितीत जस्ता-लोहाची चर्चा ही चैन आहे. लस फसण्याची पहिली कारणे खरोखरच निराळी आहेत. सजीव लस २ ते ८ अंश सेल्सियसच्या बाहेर गेली की निर्जीव पाणी होते. टोचलेल्या आईच्या चिकातून पिलाला प्रतिपिंडे मिळालेली असतात. ती रक्तात असताना घाईने लस दिली तर तीच लसीला गिळून टाकतात, म्हणून साधारण दोन महिन्यांच्या वयाची वाट पाहावी लागते. पोट कृमींनी भरलेले असेल तरी प्रतिसाद दुबळा येतो. हे सर्व मान्य करूनही मी म्हणेन की, दोन गोष्टींत वैर नाही. मात्रा दुर्मिळ आहे म्हणूनच ती स्वीकारण्याच्या स्थितीत असलेले जनावर तिच्यापुढे आणले पाहिजे. आणि उलट बाजूनेही तितकेच निक्षून सांगितले पाहिजे: ज्याला लस टोचलेली नाही अशा डुकराला जगातील कोणतेही खनिज या ज्वरापासून वाचविणार नाही. २०२० साली आसामात प्रथम आढळलेला आफ्रिकी स्वाइन फीव्हर हा तर नावाने सारखा पण जातीने निराळा रोग. साध्या ज्वराची लस त्याच्यावर चालत नाही. त्याच्यावर चूर्ण विकणारा मनुष्य अज्ञानी तरी असतो किंवा लबाड तरी.

माझी सूचना खर्चाची नाही. २०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस घेऊन पथके गावोगाव जातात. स्वाइन फीव्हरच्या टोचणीचे दिवसही ठरवावे लागतात. टोचणीचा दिवस ठरला की त्याच्या महिनाभर आधी त्या वस्तीत कृमिनाशक आणि जस्त-लोह असलेले प्रमाणित मिश्रण पोहोचवावे. आदल्या दिवशी मूठभर पूड चारून काही साधत नाही. शरीरात जस्ताचा म्हणण्यासारखा साठा होत नसल्यामुळे ते रोज थोडे थोडे मिळावे लागते. दुर्गजवळच्या अंजोरा येथे पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे, रायपुरात कृषी विद्यापीठ आहे. कोंड्यावर वाढलेली चाळीस पिले घेऊन, निम्म्यांना मिश्रण देऊन आणि निम्म्यांना न देता, सर्वांना एकाच दिवशी एकाच पेटीतील लस टोचावी आणि चार आठवड्यांनी रक्तातील प्रतिपिंडे मोजावी. परदेशी मका-सोयाबीनवर पोसलेल्या डुकरांचे निष्कर्ष आपल्या कोंड्यावरच्या डुकरांना जसेच्या तसे लावण्यापेक्षा हे बरे. आणि तिसरा गट करता आला तर तोही करावा: गव्हाच्या कोंड्याचा.

हा तिसरा गट मनात येण्याचे कारण असे की, गव्हाच्या कोंड्यात फायटिक अम्ल फोडणारे एन्झाइम निसर्गतःच बरेच असते. तांदळाच्या कोंड्यात ते फार थोडे. दोन्ही कोंडे मिसळून कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवले तर गव्हाचे एन्झाइम तांदळाच्या कोंड्यातील जस्त आणि फॉस्फरस काही अंशी मोकळे करते. १९९० नंतर हेच एन्झाइम कारखान्यात बनवून खाद्यात घालण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. परसात चार डुकरे पाळणाऱ्याला कारखान्याची गरज नाही. पिठाच्या गिरणीतून थोडा गव्हाचा कोंडा, एक मोठे भांडे आणि रात्रीचा अवधी एवढे त्याच्या आवाक्यात आहे. भिजवलेले खाद्य दुसऱ्या दिवशीच संपवावे. उन्हाळ्यात ते लवकर आंबते आणि मग त्यावर बुरशी धरते.